ठरलेली सोडत

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, करपल्याचा वास घरभर झाला, तरी शिला मोबाइलवरून डोळे काढेना. पालकांच्या ग्रुपवर शाळेनं पाच-सहा दिवसांपूर्वीच मागच्या वर्षीच्या प्रवेशसोडतीचा व्हिडिओ टाकला होता, तिनं तो आज उघडला. खाली लिहिलं होतं, 'यंदाही अशीच पारदर्शक सोडत, अक्षय्य तृतीयेच्या शुभ मुहूर्तावर, सकाळी अकरा वाजून एकवीस मिनिटांनी.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. व्हिडिओत संस्थेचे अध्यक्ष किशनराव गळ्यात हार घालून बसले होते. मागच्या भिंतीवर संगणकाचा पडदा मोठा करून दाखवला होता आणि त्यावर एक काळी खिडकी उघडी होती. काळ्या खिडकीत पांढऱ्या ताऱ्यांची चौकट. वरच्या ओळीत तारे दुहेरी, बाजूंना एकेरी, आणि खालच्या ओळीत मधोमध तारे नाहीतच, नुसती रिकामी जागा. ती जागा शिलानं लगेच ओळखली. कॉलेजात तिनं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये तिथं तिचं नाव होतं. शिला नेमसिंग आडे, बीएस्सी तृतीय वर्ष, संगणकशास्त्र. तारे कुणी पुसले नव्हते, नाव तेवढं पुसलं होतं, दुसऱ्याच्या भांड्यावरचं नाव घासून काढतात तसं.

"अगं, जळून राहिली की ती भाकर!" ओसरीवरून जिवनबाई, तिच्या सासूबाई, ओरडल्या. "त्या मोबाइलात काय देव दिसला का?"

"न्हाई आत्याबाई, काढते," असं म्हणून तिनं भाकरी काढली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. नाव गेलं त्याचं तिला दुःख झालं, पण ते ओळखीचं दुःख होतं, त्याला कुठं ठेवायचं हे तिला ठाऊक होतं. तिला आतून हलवलं ते पुढच्या दृश्यानं. डिग्रसकर सर, कॉलेजात तिला सी ही संगणकाची भाषा शिकवणारे वैजनाथ डिग्रसकर, लॅपटॉपपुढं वाकले. पडद्यावर एक ओळ उमटली, शिलानं कधीच न लिहिलेली: एंटर मुहूर्त. सरांनी तारीख टाकली, तास टाकला, मिनिट टाकलं. मग माइक हातात घेऊन ते हसत म्हणाले, "पाहुण्यांना यायला दोन तास उशीर झाला, तरी मुहूर्त चुकलेला नाही. मुहूर्त आपण संगणकालाच सांगून टाकलेला आहे. तो मुहूर्तावरच नंबर काढणार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. किशनरावांनी मान डोलावली. शिलानं गॅस बंद केला. तिला एकाच वेळी मोठ्यानं हसावंसं आणि हातातलं उलथणं भिंतीवर फेकावंसं वाटत होतं.

कारण यंत्राला चिठ्ठी उचलता येत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा ती दिवसभर बेचैन होती. सीमध्ये रँड म्हणून एक फंक्शन असतं, हाक मारली की आकडा देतं, पुन्हा मारली की वेगळाच आकडा देतं, बघणाऱ्याला वाटतं मनात येईल तो देतंय. पण त्याला मन कुठलं? ते एक आकडा धरतं, त्याला ठरलेल्या आकड्यानं गुणतं, ठरलेला आकडा त्यात मिळवतं, आणि आलेल्यातला एक भाग समोर ठेवतं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पहिला आकडा कोणता धरायचा तेवढं बाहेरून सांगावं लागतं. त्याला सीड म्हणतात, बी. बी एक असलं की पीक एकच, दर वेळी, दाण्याला दाणा तोच. म्हणून पुस्तकात शिकवतात की बी म्हणून घड्याळातली वेळ द्या, वेळ सारखी बदलते. पण वेळ तर सगळ्यांनाच माहीत असते, हे तेव्हा तिच्या मनात आलं आणि मग जाईचना. परीक्षेसाठी सोडतीचा प्रोजेक्ट घेतला तेव्हा तिनं घड्याळाचा नाद सोडला. लॅबच्या कोपऱ्यात लिनक्सचं एक जुनं मशीन होतं, त्यावर तिनं खपून दुसरं फंक्शन लिहिलं. कळ दाबायला माणसाला लागलेला क्षण, डिस्कचं थांबणं, तारांतून येणाऱ्या निरोपांची वेडीवाकडी चाल, अशा कुणालाच आधी सांगता न येणाऱ्या गोष्टी यंत्र स्वतःशी गोळा करत असतं, घुसळत असतं. त्या घुसळणीतून आकडा मागता येतो. कुलपं आणि गुपितं राखायला जगभर हेच आकडे वापरतात. ते आधी कुणालाच कळत नाहीत, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. लिहिणाऱ्यालासुद्धा नाही, हे तिला फार आवडलं होतं. अशी एक तरी जागा असावी जिथं कुणाचा हात पोचत नाही.

डिग्रसकर सरांनी त्या फंक्शनवर लाल पेनानं तिरपी रेघ मारली. "हे काय?" सगळा वर्ग ऐकत होता. तिनं सांगायला सुरुवात केली, सर, वेळेवरून कुणी अंदाज बांधला तर. सरांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "तांड्यावर अणुबॉम्ब ठेवलाय का बाई तुमच्या? एवढी सुरक्षा कशाला पाहिजे?" शिला बंजारा तांड्यावरून कॉलेजला यायची, वर्ग हसला. तिच्या शेजारची मैत्रीणही हसली, ओढणी तोंडाला लावून. "पुस्तकात आहे तेच लिहायचं. बाहेरून येणारे परीक्षक तेच विचारतात." तिनं पुस्तकात होतं ते लिहिलं, पूर्ण मार्क मिळाले, आणि प्रोग्राम सरांच्या पेनड्राइव्हमध्ये गेला. आणि आता, इतक्या वर्षांनी, त्याच सरांनी घड्याळसुद्धा काढून टाकलं होतं. निदान घड्याळ पुढं तरी सरकतं. यांनी आठवडाभर आधी ग्रुपवर छापलेला मुहूर्त बी म्हणून पेरला होता. पाहुणे कधीही येवोत, हार कुणाच्याही गळ्यात पडोत, निकाल मुहूर्त निघाला त्याच दिवशी लागलेला. आणि हॉलमध्ये बसलेल्या आया पदरात हात दडवून देवाचं नाव घेत होत्या. कशापुढं? गुणाकारापुढं.

दुपारी सेजल, तिची लेक, झोपली तेव्हा शिला तिच्या उशाशी बसून मोबाइलवर सी लिहू लागली. सेजल उजव्या कुशीवर झोपली की घरात कितीही भांडी वाजवा, तिला जाग येत नाही, कारण चांगला कान उशीत जातो आणि डाव्यानं तिला फारसं ऐकूच येत नाही. हे कळायला शिलाला तीन वर्षं लागली होती. लोक म्हणत, पोरगी हट्टी आहे, हाक मारली की मुद्दाम येत नाही. शिलानंही तिला एकदोनदा धपाटा घातला होता, आणि त्या धपाट्याचा आवाज अजून तिच्या हातात होता. मग नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून शिलाची मान सारखी सेजलच्या डाव्या बाजूला वळलेली. कनेरगाव नाक्यावर घर, म्हणजे दारातून चार पावलं गेलं की वाशिमचा रस्ता, ढाब्यांवरून निघालेले ट्रक, हॉर्नशिवाय काही बोलायचं नाही असं ठरवलेल्या जीपगाड्या. गावातली शाळा रस्त्याच्या पलीकडं. हिंगोलीच्या या शाळेची बस मात्र अलीकडच्या बाजूला, यांच्याच दारापुढं थांबते, वर्गात पोरं मोजकी, आणि अर्ज द्यायला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी स्वतःहून विचारलं होतं, हिला कोणत्या बाजूनं बसवायचं? त्या एका प्रश्नावर शिलाचा जीव अडकला होता. बालवर्गाच्या जागा चाळीस, अर्ज त्याच्या कितीतरी पट. सेजलचा नंबर एकशे सतरा.

प्रोग्राम तिला पाठ होता, लिहायला वेळ लागला नाही. आधी मागच्या वर्षीचा मुहूर्त, व्हिडिओत दिसलेल्या अर्जांच्या संख्येसकट, टाकून बघितला, व्हिडिओशी पडताळायला. जुळेना. क्षणभर तिला केवढं बरं वाटलं! म्हणजे सरांनी दुसरं काहीतरी केलं असेल, म्हणजे मी उगाच. मग आठवलं की प्रत्येक कंपायलरचं, म्हणजे लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणाऱ्या प्रोग्रामचं, रँड आपापलं, मोबाइलचं वेगळं, कॉलेजच्या विंडोजचं वेगळं. त्याचे गुणायचे आणि मिळवायचे आकडे जगजाहीर आहेत, ते शोधून तिनं हातानं लिहिले. या खेपेला व्हिडिओतली निवेदिका पहिला नंबर वाचायच्या आत तो मोबाइलवर येऊन उभा होता. दुसराही. तिसराही. निवेदिका लांबट सुरात वाचत होती, कुणीतरी किंचाळत होतं, कुणी मिठी मारत होतं, आणि ते सगळं शिलाला आधीच ठाऊक होतं. अंगावर सर्रकन काटा आला, घाणीत पाय पडल्यावर येतो तसा. मग तिनं यंदाचा मुहूर्त टाकला. शाळेच्या भिंतीवर लावलेल्या यादीतला शेवटचा नंबर एकूण अर्ज म्हणून टाकला. बोट थांबलं. बघू नये असं तिला स्पष्ट वाटलं, आणि तिनं बघितलं.

बाराव्या जागी एकशे सतरा.

तिनं मोबाइल उशीखाली सरकवला, पुन्हा काढला, पुन्हा पाहिलं. एकशे सतरा. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, अगदी खरा, डोळे भरून येण्याइतका. त्याच्या पाठोपाठ जे आलं त्याला तिला नाव देता येईना. मग शेजारच्या खतीजाबींच्या नातवाचा नंबर तिला आठवला. खतीजाबी गाद्या भरणाऱ्या पिंजारी घरातल्या. पोरगा आणि सून औरंगाबादेत कारखान्यात, मुबश्शीर आजीपाशी. अर्ज शिलानंच भरून दिला होता. त्याचा नंबर चाळिसांत नव्हता. तिनं वरून खाली, खालून वर पाहिलं. नव्हता.

संध्याकाळी तिचा नवरा सुदाम दुकानातून आला. नाक्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, यंत्रांतलं त्याला कळायचं, म्हणून तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"म्हंजे लागली आपली सेजल?"

"लागली म्हणजे, तशी न्हाई लागली. ती सोडतच खोटी आहे, मी काय सांगून राहिले?"

"खोटी काहून? कुणी मुद्दाम केलं का?"

"तेच तर मला कळंना." आणि खरंच कळत नव्हतं. मुहूर्त गुरुजी काढत होते की कुणी आधी नंबर बघून मुहूर्त निवडत होतं, हे त्या काळ्या खिडकीवरून सांगता येत नव्हतं. चोर असता तर तिचा राग एका जागी बसला असता. पण बहुधा चोर नव्हताच, नुसता मठ्ठपणा होता, छान इस्त्री केलेला, माइक धरलेला मठ्ठपणा. चोर निदान मान खाली घालून चालतो. मठ्ठपणाला टाळ्या मिळतात.

"मग गप बस ना," सुदाम म्हणाला. "तू केलं का खोटं? तू न्हाई केलं. मुहूर्तानं केलं. आपल्या लेकीला लागलं. तुला काय तकलीफ आहे?"

"देवानंच दिलं म्हणायचं," जिवनबाई आतून म्हणाल्या. "उद्या नारळ फोडते मी."

"आत्याबाई, देवानं न्हाई दिलं."

"मग कुणी दिलं, तुझ्या बापानं?"

सुदाम हसला. मग शिलाचं तोंड बघून तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. तो रस्ता रोज तूच बघती. मी दुकानात असतो, पण माझं पण चित्त तिथंच असतंय. परवा तिकडं जाऊन काही बोलू नको. सेजलची शपथ आहे." शपथ त्यानं घातली, तिनं घेतली नाही, पण घातलेली शपथ अंगावर पडतेच, पुसून जात नाही.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी हिंगोलीच्या त्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. शिला गप्प बसायचं ठरवून आली होती, पुरतं ठरवून. सेजलला सासूबाईंपाशी ठेवलं होतं. शेजारी खतीजाबी, मांडीवर माळ.

"बेटी, तेरा हाथ ठंडा है गे," त्या म्हणाल्या. "डरू नको. तेरा बी होगा, हमारा बी होगा. चाळीस जागा है, दोन पोरं न्हाई मावणार का त्यात?"

"व्हय खाला," शिला म्हणाली. खतीजाबींची बोटं माळेवरून सरकत होती. एकेक मणी. ओठ हलत होते. ही म्हातारी पहाटेपासून उपाशी होती, कारण काही मागायचं तर रिकाम्या पोटानं मागावं असं तिचं म्हणणं. कुणाकडं मागून राहिली? शिलाला ओरडून सांगावंसं वाटलं, खाला, जेवा, काही उपयोग नाही, ते कधीच झालं. अकरा एकवीस होऊन गेले, पाहुणे आले नाहीत, मग आले, हार झाले, भाषणं झाली. मुहूर्त केव्हाच मागं पडला होता आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. आपल्या लोकांचं हे असं आहे, तिच्या मनात आलं, मुहूर्त काटेकोर काढतील, मग निवांत उशिरा येतील, आणि मुहूर्त चुकला असं मात्र कुणाला म्हणू देणार नाहीत. एरवी तिला या गोष्टीचं हसूच आलं असतं. लग्नांत येतंच. पण लग्नात नवरानवरी ठरलेली असतात, ते तरी सगळ्यांना माहीत असतं.

डिग्रसकर सर उठले. केस विरळ झाले होते, आवाज तोच. ताऱ्यांची चौकट भिंतीवर उघडली. एंटर मुहूर्त. त्यांनी टाकला. मग हात झटकून ते लोकांकडं वळले. "झालं. आता आमच्या हातात काही नाही. आता सगळं ज्याच्या त्याच्या नशिबावर!"

खतीजाबींनी दोन्ही तळहात वर केले आणि डोळे मिटले.

शिला उठली तेव्हा आपण उठतो आहोत हे तिला माहीत नव्हतं. खुर्ची मागं पडल्याचा आवाज झाला. "नशिबावर न्हाई, सर," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. तिनं तो पुन्हा लावला. "पहिला नंबर बत्तीस निघणार. त्याच्यामागं दोनशे चार. मग एकाहत्तर."

काही लोक हसले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, ओळखलं नाही, किंवा ओळखलं. "बाई, बसा. ज्योतिष नंतर सांगा." आणि हसतच त्यांनी कळ दाबली.

बत्तीस.

त्यांनी सवयीनं पुन्हा दाबली. दोनशे चार. आता हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. तिसऱ्यांदा सरांचं बोट कळीवर नुसतं टेकलं, दाबेना. मागून कुणीतरी म्हणालं, "दाबा की मास्तर!" त्यांनी दाबलं. एकाहत्तर. निवेदिका माइक हातात धरून उभी होती, तिनं नंबर वाचलाच नाही.

मग एकच गलका. शिला त्या गलक्यात बोलत राहिली, कुणी ऐकतंय की नाही हे न बघता. मुहूर्त म्हणजे बी, बी ठरलं की नंबर ठरले, मुहूर्त तर आठ दिवस झाले ग्रुपवर पडला आहे, ज्याच्याकडं हा प्रोग्राम आहे त्याला तेव्हाच सगळे नंबर माहीत. मोबाइल वर झाले, तिच्याकडं वळले. पहिल्या रांगेतला एक पागोटेवाला उठून म्हणाला, "ज्याचं लेकरू लागत न्हाई ते असंच बोंबलतं! बाई, तुमचं न्हाई ना लागलं, म्हणून हे."

"माझं लागलंय," शिला म्हणाली. "एकशे सतरा. बाराव्या नंबरला येणार."

पागोटेवाल्यानं मागं वळून लोकांकडं पाहिलं. "मग... मग काहून बोंबलून राहिल्या?"

हा प्रश्न त्यानं कपटानं विचारला नव्हता, आणि त्यानंच ती जास्त भडकली. माणूस खरोखर बुचकळ्यात पडला होता. हॉलमधले सगळेच पडले होते. मिळत असताना बोलणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती, तिच्यात काहीतरी कमी असावं अशा नजरेनं ते बघत होते. खतीजाबींनी तिचा पदर खाली ओढला. "बैठ गे पगली. तेरा लगा ना? बैठ." शिलानं तो हात सोडवला नाही आणि ती बसलीही नाही.

डिग्रसकर सर आता गंभीर झाले होते. "शास्त्रशुद्ध प्रोग्राम आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तपासलेला आहे."

"माझा होता तो. त्यात चांगलं जे होतं ते तुमी लाल पेनानं काढलं."

किशनराव इतका वेळ खुर्चीत रेलून बघत होते. लोकांचे मोबाइल त्यांनी पाहिले, आणि निवडणुकांत मुरलेल्या माणसाला जे लगेच कळतं ते त्यांना कळलं. ते उठले, माइक घेतला, आवाजात लोणी आणलं. "बाईसाहेबांचं बराबर आहे. संस्थेला लपवायचं काही न्हाई. डिग्रसकर, उठा तिथून. बाई, या. तुमीच करा तुमच्या पद्धतीनं, आमच्या डोळ्यांपुढं." टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर ते हळूच, माइकमधूनच, म्हणाले, "फक्त एक. तुमी लिहिणार, आन् तुमचंच लेकरू लागलं तर लोकं काय म्हणतील, तेवढा विचार करा. पाहिजे तर तेवढा नंबर बाजूला ठेवा. म्हंजे बोलायला जागा न्हाई."

हॉलमध्ये माना हलल्या. बराबर आहे, व्हय, बाजूला ठेवावा. शिलाला वाटलं, आपण ऐकतो आहोत ते खरं नसावं. इतकी वर्षं एका माणसानं मुहूर्त पेरून नंबर काढले, त्याला कुणी म्हटलं नाही की मास्तर, तुमच्या घरातली पोरं बाजूला ठेवा. आणि तिनं खरं सांगितलं तर तिच्या खरेपणाची किंमत सेजलनं द्यायची. त्या उजव्या कुशीवर झोपणाऱ्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या पोरीनं. क्षणभर तिला मोह झाला, चांगलं दिसायचा मोह, आणि तो तिनं पायाखाली घातला.

"न्हाई ठेवणार," ती म्हणाली. "तिचा नंबर सगळ्यांसारखाच यात राहील. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या."

ती लॅपटॉपपुढं बसली. मागची भिंत तिला दिसत नव्हती, पण तिची प्रत्येक चुकलेली कळ तिथं माणसाएवढी मोठी होऊन उमटते आहे हे पाठीला कळत होतं. मुहूर्ताच्या ओळी तिनं पुसल्या. विंडोजमध्ये त्या दुसऱ्या फंक्शनचं नाव निराळं, ते तिनं आठवून लिहिलं, यंत्राच्या घुसळणीतून आकडा मागणारं. मग आणखी एक गोष्ट राहिली होती, जी तिथं कुणीही विचारली नसती. आलेल्या मोठ्या आकड्याला अर्जांच्या संख्येनं भागून बाकी घेतली की अगदी शेवटच्या अपुऱ्या वाट्यामुळं सुरुवातीच्या नंबरांना केसभर झुकतं माप मिळतं. केसभरच. तिनं तो अपुरा वाटा टाकून देऊन पुन्हा आकडा मागायची ओळ लिहिली. बाकी सगळं जसं होतं तसं. ताऱ्यांच्या चौकटीतली रिकामी जागाही तिनं रिकामीच ठेवली. प्रोग्राम चालला. निवेदिकेला ती म्हणाली, "वाचा."

आणि मग तिला कळलं की तिला काहीच माहीत नाही. तीन दिवस तिच्या डोक्यात नंबरांची रांग उभी होती, ती विरून गेली होती. ती इतर बायांसारखी झाली होती, खतीजाबींसारखी. पहिला नंबर आला, दुसरा आला. कुणीतरी किंचाळलं. बारावा नंबर आला आणि तो दुसऱ्याच कुणाचा होता. तिनं स्वतःला सांगितलं, अजून आहेत. विसावा. तिसावा. प्रत्येक आकड्याच्या पहिल्या अक्षराला तिचं काळीज वर यायचं आणि दुसऱ्याला खाली जायचं. शेवटचा नंबर निवेदिकेनं जरा थांबून वाचला.

एकशे सतरा नव्हता. मुबश्शीरचाही नव्हता.

लोक उठू लागले. पागोटेवाला जाताना तिच्यापुढं थांबला, मोठ्या मनानं म्हणाला, "आता पटलं बघा बाई. तुमचं लेकरू न्हाई आलं, म्हंजे सोडत खरी." त्याच्या मागचे तिघेचौघे व्हय व्हय म्हणाले. किशनरावही माइकवरून तसलंच काहीतरी त्याग वगैरे बोलत होते. शिला खुर्चीला धरून उभी राहिली. आलं असतं तरी खरीच होती, ती म्हणाली, पण मोठ्यानं म्हणाली की मनात हे तिला कळलं नाही, कारण कुणी वळून पाहिलं नाही. त्यांना आकडे समजले नव्हते. त्यांना एका बाईचं नुकसान समजलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. खतीजाबी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, माळ मुठीत. "क्या मिला गे तेरेकू?" त्या रागानं म्हणाल्या, आणि मग तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, तोही रागानंच.

तेवढ्यात एक तरुण माणूस गर्दीतून वाट काढत आला. हट्टा गावचा होता म्हणे, वसमतकडचा. अंगात लग्नातला असावा असा कोट, घामानं भिजलेला. त्याच्या पोराचा नंबर शेवटून दुसरा निघाला होता. तो वाकला आणि शिलाच्या पायांवर डोकं ठेवू लागला.

तिनं पाय मागं घेतले, विस्तवावरून घ्यावेत तसे. "उठा! पाया काहून पडून राहिले?"

"ताई, तुमच्यामुळं—"

"माझ्यामुळं काही न्हाई." ती ओरडली, आणि तिच्या ओरडण्यानं तो आणखीच हात जोडू लागला. "मी न्हाई दिलं तुमाला. किशनरावांनी न्हाई दिलं, मुहूर्तानं न्हाई दिलं. कुणी म्हंजे कुणीच दिलं न्हाई. ऐकून राहिले का? घरी जा. पोराला घेऊन या शाळेत. कुणाच्या पाया पडायचं न्हाई."

तो उठला. कोटाच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले, मान हलवली, कळल्यासारखी. मग दोन पावलं मागं सरकून, ती बघत नाही असं वाटून, त्यानं लॅपटॉपला हात लावून तो कपाळाला लावला.